सीक्वेलवर बहिष्कार आमचाच, आणि धमक्या आमच्यातल्याच एका मुलाला. काय करावं?

मृण्मयी_इंदूर

नमस्कार. प्रश्न छोटा आहे, पण मागचं सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

इंदूरला राजेंद्र नगरमध्ये आमच्या मंडळाने एका गणपतीत गेमिंगची स्पर्धा ठेवली होती. त्यातून ग्रुप तयार झाला. आता त्यात सुदामा नगर, लोकमान्य नगरची मुलंमुली आहेत, भंवरकुआंला कोचिंगसाठी खोल्या घेऊन राहणारे आहेत. बरेच जण घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलणारे. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर गप्पा, शनिवारी रात्री एकत्र खेळणं, एवढाच कारभार. मी ॲडमिन आहे आणि वयाने मोठी, त्यामुळे बहुतेकांची ताई.

आम्ही सगळे ज्या गेमवर वाढलो त्याचा दुसरा भाग नुकताच आला. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या गेमवरच होईल. कंपनीने पहिल्या भागाचे सर्व्हर बंद करायची तारीख जाहीर केली आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याची प्री-ऑर्डर उघडली. पहिला भाग पूर्ण किंमत मोजून घेतलेल्यांना काहीही नाही. एकट्याने खेळायची कथासुद्धा सर्व्हरला जोडलेली असल्यामुळे तीही जाणार. 'द क्रू' या गेमचं असंच झालं होतं. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि पैसे देऊन घेतलेला गेम निकामी. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तो राग मला पूर्ण पटतो. आमच्या ग्रुपमध्ये मतदान झालं, मी बहिष्काराच्या बाजूने मत दिलं, आणि आजही देईन.

आमच्यातला एक मुलगा, अकरावीत आहे, त्याला इथे 'अ' म्हणते. त्याने तो सीक्वेल घेतला. साठवलेल्या पैशांतून घेतला, आणि आपल्या चॅनलवर स्ट्रीम करायला, म्हणजे खेळताना लोकांना थेट दाखवायला लागला. मराठीत बोलत खेळतो. पाहणारे मोजके, त्यातले निम्मे ग्रुपचेच. पहिल्या रात्री चॅटमध्ये 'गद्दार' वगैरे सुरू झालं. मी मध्ये पडले. मग कोणीतरी सुचवलं की ज्यांनी गेम घेतला त्यांची यादी करून पिन करू. मी नाही म्हटलं, तर यादी डिस्कॉर्डच्याच दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर, म्हणजे ग्रुपवर, तयार झाली. चार दिवसांनी 'अ'ला एका नव्या अकाउंटवरून मेसेज आला: त्याच्या बिल्डिंगच्या गेटचा फोटो, खाली लिहिलेलं, 'भिया, घर देख लिया है'.

तो फोटो इंटरनेटवरून उचललेला नाही. गेटवर सोसायटीने याच महिन्यात लावलेला पाण्याच्या टँकरचा बोर्ड त्यात दिसतोय. म्हणजे काढणारा इंदूरचा आहे, तिथून जाणारा-येणारा आहे, कदाचित शनिवारी माझ्याशीच बोलणारा आहे.

'अ'ने चॅनल बंद केलं. घरी काही सांगितलं नाही. त्याची आई आणि माझी आई इथल्या 'सानंद' संस्थेच्या नाटकांना शेजारी बसतात. मध्यंतरात काकूंनी माझ्या आईला विचारलं की हा हल्ली गच्चीवरसुद्धा जात नाही, तुमच्या मृण्मयीला काही माहीत आहे का.

सीक्वेल आले की लोक इतके का पेटतात हे मला कळतं, कारण मीही त्यातलीच आहे. पहिला भाग आपण दहावीत, कॉलेजात खेळलेला असतो. त्यातली माणसं आपल्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतात, त्यांचं पुढे काय व्हावं हे आपण मनात ठरवून टाकलेलं असतं. मग दुसरा भाग येतो आणि तो दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला असतो. 'द लास्ट ऑफ अस' २०१३ मध्ये आला, दुसरा भाग जून २०२०. मध्ये सात वर्षं. दुसऱ्या भागाने पहिल्याच्या चाहत्यांना जे करायला लावलं ते मला आजही थोर वाटतं: ज्या बाईचा तुम्हाला मनापासून राग आलाय तिच्याच हातांनी अर्धा गेम खेळा. अनेकांना ते सहन झालं नाही. न आवडणं अगदी रास्त आहे, माझ्या भावाने अर्ध्यात सोडला. पण गेम पुरा करायला वीस-पंचवीस तास लागतात आणि गेमचे रिव्ह्यू आणि गुण एकत्र मांडणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर पहिल्याच दिवशी शून्य गुणांचा पाऊस पडला. पुढे त्यांना नियम करावा लागला की गेम आल्यावर ३६ तास वापरकर्त्यांचे रिव्ह्यू घ्यायचेच नाहीत. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच बाईची, म्हणजे ॲबीची, भूमिका करणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिने ती कथा लिहिलेली नव्हती. तिने भूमिका केली, इतकी चांगली केली की पुढच्या वर्षी त्याच भूमिकेसाठी तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला. लोकांनी पात्राचा राग बाईवर काढला.

ते बहिष्काराशिवायचं. बहिष्कारातलं उदाहरण 'हॉगवर्ट्स लेगसी'चं, फेब्रुवारी २०२३. तो गेम 'हॅरी पॉटर'च्या ज्या पुस्तकांवर बेतला आहे त्यांच्या लेखिकेची ट्रान्स लोकांबद्दलची मतं पाहून बऱ्याच लोकांनी ठरवलं की आमचा पैसा तिच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. यामागे खरं दुःख होतं आणि त्या लोकांचा मला आदर आहे. मग कोणीतरी वेबसाइट काढली की कुठल्या स्ट्रीमरने हा गेम खेळला ते नाव टाकून शोधा. स्ट्रीमर्सच्या चॅटमध्ये झुंडी घुसल्या, काही जण कॅमेऱ्यासमोर रडले. गेमच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती विकल्या गेल्या. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं त्यांच्याबद्दल त्या दोन आठवड्यांत किती बोललं गेलं? बातम्या सगळ्या स्ट्रीमर्सच्या रडण्याच्या. आमच्याकडे कोणी 'यादी करू' म्हटलं तेव्हा मला आधी ती वेबसाइट आठवली.

आता माझा प्रश्न. बहिष्कार मला सोडायचा नाही, मागणी बरोबर आहे. पण त्याच्या नावाखाली एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं घराबाहेर पडणं बंद झालंय. ग्रुप बंद करू का? बहिष्कार मागे घेतला तर फोटो काढणाऱ्याला वाटेल आपण जिंकलो, की हरलो? 'अ'च्या घरी मी सांगावं, की त्याला सांगू द्यावं? आणि पोलिसांकडे जायचं तर मुलांपैकीच कोणाचं तरी आयुष्य बिघडेल, ही भीती आहे. तुमच्यापैकी कोणी असं काही हाताळलं असेल तर सांगा.

दांडियाबाजारचा_जुना_खेळाडू

मृण्मयीताई, मी वडोदऱ्याचा. वयाने तुमच्यापेक्षा मोठाच असेन, तरी ताई म्हणतो, कारण तुम्ही ज्या जागेवर उभ्या आहात तिथे ताईच लागते.

ग्रुप बंद करू नका. बहिष्कार नीट कसा करतात आणि नीट कसा संपवतात याचा एक जुना किस्सा सांगतो, तो मी स्वतः दुरून पाहिला आहे. 'लेफ्ट फॉर डेड' नोव्हेंबर २००८ मध्ये आला. आम्ही चौघे मित्र मांडवीजवळच्या कॅफेत रात्र-रात्र तो खेळायचो. जून २००९ मध्ये तो काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने दुसरा भाग जाहीर केला, वर्षसुद्धा झालं नव्हतं. पहिल्याला अजून बरंच काही देऊ म्हणाले होते, त्याचं काय? स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम-दुकानावर, बहिष्काराचा ग्रुप निघाला आणि त्याचे सदतीस हजारांवर सभासद झाले. माझा एक मित्रही त्यात होता.

त्या ग्रुपने मागण्या लिहून काढल्या होत्या. काय हवंय, का हवंय, पहिल्या भागाचे खेळाडू कसे विभागले जातील. चालवणारे दोघे आपल्या नेहमीच्या नावाने बोलत होते. मग व्हॉल्व्हने काय केलं, तर त्या दोघांना विमानाचं तिकीट देऊन आपल्या ऑफिसात बोलावलं आणि बनत असलेला दुसरा भाग खेळायला दिला. त्यांनी परत येऊन लिहिलं की गेम चांगला आहे, आणि ऑक्टोबरमध्ये ग्रुप बंद करून टाकला. काही सभासद भडकले, विकले गेले म्हणाले. पण पुढे पहिल्या भागालाही खेळायला नवी मोहीम (गेममधली नवी कथा) मिळाली, आणि २०१२ पर्यंत पहिल्यातल्या सगळ्या मोहिमा दुसऱ्यात आणून ठेवल्या गेल्या. म्हणजे जे मागितलं होतं त्यातलं बरंचसं हाती लागलं.

'लेफ्ट फॉर डेड २' नोव्हेंबर २००९ मध्ये आला, त्याच्या आठवडाभर आधी 'मॉडर्न वॉरफेअर २' आला होता. पीसीवर डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे) नाहीत म्हणून त्यावरही बहिष्काराचा ग्रुप होता. गेम आला त्या दिवशी कोणीतरी त्या ग्रुपच्या सभासदांचा स्क्रीनशॉट टाकला: बहुतेक जण तोच गेम खेळत होते! जगभर हसू झालं. पण हसण्यापलीकडे त्यांना कोणी काही केलं नाही, हे आज मला महत्त्वाचं वाटतं. बहिष्कारात काही जण फुटणारच. फुटलेल्याच्या मागे लागायला ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याकडे कंपनीला पत्र लिहायला वेळ का नाही, हे तुमच्या ग्रुपला विचारा.

एक गेलेला सीक्वेल अजून माझ्या मनात आहे. 'फेझ' मला अतिशय आवडला होता, २०१२ चा. दुसरा भाग येणार होता. करणारा माणूस तोंडाचा फटकळ, लोक त्याच्या मागे हात धुऊन लागलेले. जुलै २०१३ मध्ये ट्विटरवर असंच एक भांडण पेटलं आणि त्याने सीक्वेल रद्द करून टाकला. तो परत कधी झाला नाही. त्याच्याशी भांडणाऱ्यांतल्या अनेकांना तो गेम हवा असणार.

सराफा_नाइट_शिफ्ट

मीही इंदूरचाच. ताई, फोटोवाला प्रकार घाण आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण बाकीच्या बाबतीत मी थोडं उलट बोलणार.

सभ्य पत्रांनी कंपन्या हलत नाहीत. २०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २'च्या वेळी ईए कंपनीने रेडिटवर, विकत घेतलेल्या गेममधलीही पात्रं खूप तास खेळल्याशिवाय न देण्याचं समर्थन केलं, त्या एका उत्तराला सहा लाखांवर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, आणि गेम यायच्या तोंडावर त्यांनी पैसे घेऊन वस्तू विकणं थांबवलं. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २'. स्टीमवर खेळणाऱ्यांनासुद्धा सोनीचं अकाउंट सक्तीचं केलं, आणि ज्या देशांत ते अकाउंट उघडताच येत नाही तिथेही गेम विकला होता. दोन लाखांवर वाईट रिव्ह्यू पडले आणि तीन-चार दिवसांत सोनीने माघार घेतली. आरडाओरडा झाला म्हणून झालं. हळू आवाजात बोललेलं तिथपर्यंत पोचतच नाही.

आणि 'अ'ने नुसता गेम घेतला असता तर कोणी बोललं नसतं. त्याने स्ट्रीम केला. म्हणजे आपण सगळे नाही म्हणत असताना त्याने त्या कंपनीची फुकट जाहिरात केली. मित्र म्हणून त्याला तोंडावर 'हे चुकीचं आहे' म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही? प्रत्येक नाराजीला 'छळ' म्हटलं तर पुढे कोणी बहिष्कारच टाकणार नाही.

मृण्मयी_इंदूर

हक्क आहे. मीही त्याला म्हटलं होतं की मला पटलं नाही, त्याने ऐकून घेतलं आणि तरी खेळला. तिथे माझं काम संपलं.

तू दिलेली दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत, आणि दोन्हींत तो आवाज कुठे पडला ते बघ. डाउनव्होट कंपनीच्या अधिकृत उत्तरावर होते. रिव्ह्यू गेमच्या पानावर होते, तिथे पैसे मोजलेल्या माणसाने बरं-वाईट लिहावं म्हणूनच ते पान असतं. 'हेलडायव्हर्स'वाल्यांनी तर माघार मिळाल्यावर आपले वाईट रिव्ह्यू बदलून चांगलेही केले. 'अ'च्या चॅनलवर चाळीस माणसं नसतात रे. त्याच्या स्ट्रीममुळे त्या कंपनीला एक रुपया जास्त मिळाला असेल असं तुला मनापासून वाटतं का? त्याला शिव्या दिल्या गेल्या कारण तो हाताशी होता. कंपनीचा कोणी राजेंद्र नगरमध्ये राहत नाही.

'गद्दार' हा शब्द एकाने म्हटला तर नाराजी असेल. रोज संध्याकाळी तीसजण येऊन तोच शब्द लिहितात तेव्हा त्या मुलाला तो तीस जणांचा एकच आवाज ऐकू येतो, आणि त्यातलाच एक जण फोटो काढायला त्याच्या गेटवर जातो. तू फोटो काढला नसशील, माझी खात्री आहे. पण यादी कुठल्या सर्व्हरवर आहे ते तुला माहीत असेल तर मला खाजगीत कळव.

सराफा_नाइट_शिफ्ट

कळवलंय. बघा मेसेज.

दगडभिंतीवाली_पुणे

मी पुण्यात एका गेम स्टुडिओत एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे. मूळची ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. माझं काम म्हणजे दगड, भिंती, पायऱ्या, त्यावरचं शेवाळ. गेमची किंमत, सर्व्हर कधी बंद होणार, पात्र मरणार की जगणार, यातलं काहीही मला विचारून ठरत नाही. बऱ्याचदा मला ते तुमच्याबरोबरच बातम्यांतून कळतं.

तरी शिव्या माझ्यापर्यंत येतात. कशा, तर गेमच्या शेवटी नावांची यादी असते. ती नावं लोक लिंक्डइनवर शोधतात. आमच्या एका प्रोजेक्टनंतर (बाहेरच्या कंपनीसाठी केलेला होता, आमचं नाव यादीत फार खाली) माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला आठवडाभर घाणेरडे मेसेज येत होते. तिने त्या गेममधली फक्त झाडं केली होती. करिअरच्या पहिल्या मोठ्या गेममध्ये आपलं नाव यावं म्हणून माणूस दोन-तीन वर्षं राबतो आणि मग ते नाव प्रोफाइलवरून पुसून टाकतो. तिने पुसलं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक इथल्या लोकांना चांगला आठवत असेल. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, यूबीसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. इतक्या नावाजलेल्या गेमची धुरा भारतातल्या टीमकडे, इकडे आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती, आम्ही त्या कंपनीचे नसूनही. ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून टीका झाली. टीका बरोबरच होती, चेहरे आणि प्रकाश त्या काळाच्या मानाने मागे होते, आमच्यातलेही तेच म्हणत होते. पण त्या टीकेच्या आडून जे लोक 'इंडियन' म्हणून बोलत होते ते मी वाचलंय. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग अनिश्चित काळासाठी पुढे, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. या क्षेत्रातल्या मराठी मुलामुलींनी त्या दोन वर्षांत कॉमेंट वाचणं सोडून दिलं. चांगली टीकासुद्धा मग पोचत नाही, हे त्यातलं खरं नुकसान.

ताई, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, वरपर्यंत काय पोचतं ते. प्री-ऑर्डर रद्द होणं पोचतं. रिफंड पोचतो. स्टीमवर गेम घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड मिळतो, आणि तिथे कारण लिहायला जागा असते. तिथे 'पहिल्या भागाचे सर्व्हर बंद करताय म्हणून' एवढं लिहा. एकच वाक्य शंभर जणांनी लिहिलं की कोणाच्या तरी तक्त्यात तो एक आकडा होतो आणि मीटिंगमध्ये त्यावर बोलावं लागतं. मला पाठवलेली शिवी माझ्या टेबलापाशीच थांबते.

आणि 'मास इफेक्ट' गेमच्या चाहत्यांचं उदाहरण मुलांना सांगाच. २०१२ मध्ये तिसऱ्या भागाचा शेवट चाहत्यांना अजिबात आवडला नाही, त्यांचं म्हणणं होतं की निवड कुठलीही करा, शेवट तोच, फक्त रंग वेगळा. त्यांनी काय करावं? तो गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले, तीन रंगांचे, चव सगळ्यांची एकच. ते ऑफिसने तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. त्याच चाहत्यांनी मुलांच्या दवाखान्यांसाठी काम करणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास जमवून दिले. जूनमध्ये बायोवेअरने वाढवलेला शेवट फुकट दिला. त्या काळात तिथल्या लोकांना गलिच्छ मेसेज आले नाहीत असं नाही, आले. पण आज इतक्या वर्षांनी आम्ही स्टुडिओत कपकेकचीच गोष्ट नव्या मुलांना सांगतो.

वकीलकाका_इंदूर

बेटा, आधी तातडीचं.

काहीही पुसू नका. ना तो मेसेज, ना ती यादी, ना चॅट. 'अ'ने चॅनल बंद केलं आहे म्हणता, ते कायमचं डिलीट केलेलं नाही ना हे आजच बघा. स्क्रीनशॉट काढताना अकाउंटचं नाव, तारीख-वेळ आणि वरची लिंक दिसली पाहिजे, कापून छोटा करू नका. ज्या फोनवर मेसेज आला तो तसाच ठेवा. पुढे कोर्टात लागलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग ज्याच्या ताब्यात तो फोन आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने सही करून द्यायचा असतो.

गेटचा फोटो काढणं हा एरवी गुन्हा नाही. पण 'घर देख लिया है' लिहून एखाद्याला पाठवणं ही धमकीच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ गुन्हेगारी धाकाचं आहे. साध्या धाकाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, जिवाची धमकी असेल तर सातपर्यंत. नाव लपवून धमकी दिली तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत वाढ होऊ शकते, हे नव्या अकाउंटवाल्याला ठाऊक नसेल. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते किंवा सरळ ठाण्यात. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर वेळ घालवू नका. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याने चोवीस तासांत पोच द्यायची असते आणि ठरलेल्या मुदतीत निकाल.

घरी सांगण्याबद्दल. मुलगा अल्पवयीन आहे. त्याच्या आईवडिलांना कळलंच पाहिजे आणि लवकर कळलं पाहिजे. पण तुम्ही परस्पर काकूंना सांगू नका. आधी त्याला भेटा, सांगा की मी तुझ्याबरोबर येते, आणि दोघांनी बसून सांगा. तुमच्या आईलाही न्या, घरोबा आहे तर उपयोगी पडेल.

मुलांपैकी कोणाचं आयुष्य बिघडेल ही तुमची काळजी चांगल्या मनाची आहे. फोटो काढणारा अठराच्या आतला निघाला तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, त्याला तुरुंगात टाकत नाहीत. अशा प्रकरणांत पोलिसांनी नुसतं दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवलं तरी पुष्कळदा थांबतं. तक्रार करायची की नाही हे मात्र 'अ'च्या आईवडिलांनी ठरवायचं. ते तुम्ही आपल्या डोक्यावर घेऊ नका. आणि तो बहिष्कार चालू ठेवा. ग्राहकाने एखादी वस्तू घ्यायची नाही म्हणणं यात बेकायदेशीर काहीच नाही.

मृण्मयी_इंदूर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

वकीलकाकांनी सांगितलं तसंच केलं. 'अ'ला आधी भेटले. तो म्हणाला, 'ताई, मला वाटलं घरचे म्हणतील गेमिंगच बंद कर.' त्याला खरी भीती त्याची होती. मग आई, मी आणि तो, तिघं बसून त्याच्या घरी बोललो. काका-काकूंनी गेमिंग बंद कर असं एकदाही म्हटलं नाही. 'अ'च्या बाबांनी फक्त फोटो परत परत मोठा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी ते दोघे ठाण्यात जाऊन आले, अर्ज दिला आहे. चॅनल डिलीट झालेलं नाही, चॅट सगळं शाबूत आहे.

यादीचा सर्व्हर सराफावाल्याने सांगितला तो बरोबर निघाला. त्यात आमच्या ग्रुपचे काही जण होते. प्रत्येकाशी मी स्वतंत्र फोनवर बोलले, लिहून नाही, फोनवर. यादी जतन करून त्याची प्रत 'अ'च्या बाबांना दिली आणि मग ती तिथून काढायला लावली. फोटो कोणी काढला ते अजून कळलेलं नाही. ते शोधणं आता पोलिसांचं काम आहे आणि ग्रुपमध्ये त्यावर अंदाज बांधायला मी मनाई केली आहे, नाहीतर उद्या दुसऱ्याच कोणाच्या तरी गेटचा फोटो फिरायचा.

बहिष्कार चालू आहे. ग्रुपच्या पानावर आता वर मागण्या आहेत: पहिल्या भागाची एकट्याने खेळायची कथा सर्व्हरशिवाय चालेल असा शेवटचा पॅच द्या, आणि तो देईपर्यंत सर्व्हर बंद करू नका. खाली रिफंड कसा घ्यायचा आणि कारणाच्या जागी काय लिहायचं. आमच्यातला जो कोणी गेम घेईल, स्ट्रीम करेल, त्याच्याबद्दल एक ओळही नाही. सात जणांना रिफंड मिळाले आहेत.

'अ' शनिवारी आला होता. सीक्वेल त्याला फारसा आवडलेला नाही म्हणे, दुसऱ्या प्रकरणानंतर कथा लांबवली आहे. सराफावाल्याने त्याला विचारलं की लढाईचा भाग तरी बरा आहे का, आणि दोघं त्यावर अर्धा तास बोलत बसले.

पुण्याच्या ताई, कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे, इंग्रजीत. तुमच्या स्टुडिओत असं पत्र आलं तर ते कोणाच्या टेबलावर जातं, आणि कोणाच्या नावाने पाठवलं तर वाचलं जाईल, ते सांगाल का? उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते.